पेवातली गिटार

सातारा, १० मार्च १९४६

ती. आबा,

मानसिंगदादाच्या गिटारीची किंमत काय, असं तुम्ही विचारलंत. मला ती सांगता येत नाही. बी.ए.च्या कुठल्याच पुस्तकात ती नव्हती. तुमचं पत्र आल्यावर इथल्या पेठेत पेटी-तबला विकणाऱ्या दुकानात गेले. दुकानदाराने गिटार कधी ठेवलेली नाही. उलट त्यानेच मला विचारलं, "तिला भाता असतो का हो?"

दादाकडून काही कळायचं नाही, कारण त्याने ती विकत घेतलेलीच नाही. इटलीत त्यांची पलटण एका द्राक्षमळ्याशेजारी उतरली होती. मळेवाल्या म्हाताऱ्याचे दोन्ही मुलगे लढाईवर गेलेले, म्हणून दादाने सवड मिळेल तशी त्याची द्राक्षं तोडून दिली. म्हाताऱ्याने त्याला वाजवायला शिकवलं आणि निघताना वाद्यच हातात दिलं. याची किंमत कशी करायची, मला समजत नाही.

पण तुम्ही विचारलंत म्हणजे कारण असेल. मी शोध घेते. एवढंच सांगा, विकायचा विचार नाही ना? दादा रजा संपवून बेळगावला परत गेला आहे. त्याच्या माघारी त्याची वस्तू जाऊ नये असं मला वाटतं.

शाळेत माझं बरं चाललं आहे. वर्गात अकरा मुली आहेत. त्यातल्या दोघी रोज पाटीवर माझी सही गिरवून आणतात.

आईला नमस्कार.

तुमची लीला

*

सातारा, ११ मार्च १९४६

प्रिय दादा,

काल आबांना पत्र टाकलं आणि रात्रभर झोप नीट लागली नाही. ते गिटारीची किंमत विचारत आहेत. तुझी वस्तू जाऊ नये, असं मी त्यांना लिहिलं. मनात होतं ते लिहिता आलं नाही.

तू शिकवलेल्या तीनही चाली मला आता न अडखळता येतात. म्हणजे जानेवारीत, इथे नोकरीवर निघाले तेव्हा, येत होत्या. मी मळ्यातल्या खोपीत बसून वाजवायचे आणि आई भाकरी घेऊन यायची, ती दाराशी बसून ऐकायची. आबांना कुणी सांगितलं नाही. बी.ए. होणारी मुलगी त्यांना चालली, तिचं त्यांनी गावभर कौतुक केलं, पण तारा छेडणारी चालेल की नाही हे विचारायचं धाडस मला झालं नाही. इथे खोलीवर आणावी तर घरमालकीण पायरीवर बसलेली असते.

आता मी लाकडी पट्टीवर बोटं ठेवून सराव करते. बोटांच्या टोकांची घट्टे पडलेली कातडी मऊ व्हायला लागली आहे. तेवढी एक गोष्ट मी कमावली होती जी परीक्षेत पाठ करून मिळाली नव्हती. ती गिटार विकली गेली तर मला दुसरी कुठून मिळणार?

तुझी लीला

*

बेळगाव, १९ मार्च १९४६

लिले,

आबाला ती विकायची न्हाई. सांगायची हाय. तुला एवढं शिकून आपला बाप कळला न्हाई व्हय?

नानासोच्या अडतीवर सकाळी दहा माणसं बसत्यात. तिथं प्रत्येक जिनसाला दर हाय. हळदीला, गुळाला, बैलाला, जावयाला. कुणीतरी विचारलं असंल, "आकाराम, पोरानं आणलेली ती विलायती सतार केवढ्याची?" आणि आबाला तोंड उघडता आलं नसंल. दर सांगता न येणारी वस्तू म्हंजे त्यांच्या लेखी फुकटची वस्तू. तवा तू चौकशी कर आणि कळव. मोठा आकडा कळव, म्हंजे त्यांची छाती फुगंल.

वाद्य मी तुला दिलंय. म्हाताऱ्यानं मला दिलं तसं. तुझं शिकणं झाकून ठेवू नगंस. पलटणीत बंदूक लपवता येती, वाजणारा सूर न्हाई.

मानसिंग

*

सातारा, १४ एप्रिल १९४६

ती. आबा,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं आहे.

गेल्या आठवड्यात शाळेच्या मुलींना घेऊन पाचगणीला गेलो होतो. तिथल्या एका वसतिशाळेत मिस पिंटो नावाच्या गोव्याच्या वयस्क बाई संगीत शिकवतात. त्यांच्याकडे गिटार आहे. त्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं लिहिते.

त्यांची गिटार त्यांच्या वडिलांनी १९२९ साली मुंबईत बावीस रुपयांना घेतली. त्या वेळी जर्मनीहून माल यायचा आणि स्वस्त असायचा. पुढे लढाईच्या आधी दोन-तीन वर्षं तशाच वाद्याला पस्तीस ते चाळीस पडू लागले. लढाई लागली तशी जहाजं थांबली, नवं वाद्य येईना. तारासुद्धा मिळेनात. मागच्या वर्षी त्यांच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी पुण्यात वापरलेली गिटार घेतली, तिला एकशेसाठ रुपये मोजले. अर्थशास्त्रात आम्ही हेच शिकलो होतो. पुरवठा आटला की दर चढतो. शिवाय मिस पिंटो म्हणाल्या की चांगल्या लाकडाची असली तर जुनी होईल तसा आवाज भरदार होतो आणि किंमतही वाढते. दादाची गिटार त्यांच्यापेक्षा चांगल्या लाकडाची असावी, असं माझ्या वर्णनावरून त्यांना वाटलं.

तेव्हा अडतीवर कुणी विचारलं तर एकशेसाठच्या वर सांगायला हरकत नाही. मिस पिंटोंनी त्यांची गिटार मला थोडा वेळ हातात घेऊ दिली. फार चांगलं वाटलं.

सुट्टी लागली की येते.

तुमची लीला

*

हरिपूर, २९ एप्रिल १९४६

चि. लीलीस,

आबाचा आशीर्वाद. तुजं पत्र नानासोच्या अडतीवर दोनदा वाचून दाखवलं. एकशेसाठ म्हटल्यावर तुज्या गुंडाकाकाच्या हातातला चहा धोतरावर सांडला. म्हणला, "आकाराम, तेवढ्यात दुभती म्हस येती." म्या म्हणलं, "येती की. पण म्हस इटलीवनं येत न्हाई." समदी हसली. मग नानासो म्हणला, "पोरीनं हिशेब बाकी वकिलागत मांडलाय." तवा मला लय बरं वाटलं.

आता तू लिवलंयस की बावीसाचे चाळीस झाले, चाळीसाचे एकशेसाठ, आणि जुनी हुईल तशी किंमत वाढती. जी वस्तू ठेवल्यानं वाढती ती हरिपुरात कुठं ठेवत्यात, हे शिकायला मला बी.ए. व्हायला नगं.

घरात उंदरं लय झाल्यात. शेजारची पोरं येऊन तारा वडत्यात. म्हणून परवा यंदाची हळद पेवात वतली तवा तिच्या वर गिटार नीट निजवून ठेवली आणि पेवाचं तोंड बंद करून माती लिपून टाकली. जमिनीखाली तीन पुरुष खोल. तिथं वाळवी न्हाई, उंदीर न्हाई, चोर न्हाई. हळद चार-चार वर्सं ऱ्हाती, तिला काय हुतंय.

आणि ते पेव तुज्या लग्नाचं हाय. नानासोकडं तुज्या नावानं लिवलंय. तुज्या सहीबिगर कुणाला तोंड फोडता यायचं न्हाई. मानसिंगाच्या नावानं न्हाई, तुज्या नावानं. बी.ए.ची सही हाय, अंगठा न्हवं, असं मी तिथं बोलून बी दाखवलं.

लवकर ये. तुजी आई रोज मोटारीच्या वाटंकडं बघती.

आकाराम

*

सातारा, १६ डिसेंबर १९४६

ती. आबा,

मे महिन्यात घरी आले होते तेव्हा तुम्ही मला हौसेने ते लिपलेलं तोंड दाखवायला नेलंत. मी तिथे उभी राहून मान डोलावली. दिवाळीतही मी काही बोलले नाही. आता बोलायलाच हवं.

आबा, गिटार मी वाजवते. दादा रजेवर होता तेव्हा त्याने मला शिकवली आणि जाताना मलाच दिली. तुमच्यापासून लपवलं हे चांगलं केलं नाही, पण जे वाजवते त्यात लपवण्यासारखं काही नाही, एवढं मला आता पक्कं कळलं आहे.

आज लिहायचं कारण असं. मिस पिंटो गोव्याला बहिणीकडे कायमच्या जात आहेत. त्यांच्या शाळेला लहान मुलांना मराठी शिकवणारी आणि संध्याकाळच्या प्रार्थनेला, गाण्यांना साथ करणारी बाई हवी आहे. आजवर तिथे साहेब लोकच शिकवत आले. आता ते परतीला लागले आहेत आणि शाळेला या देशातली पदवीधर बाई हवी आहे. एप्रिलमध्ये मी त्यांची गिटार वाजवून दाखवली होती, ते मिस पिंटो विसरल्या नाहीत. त्यांनी माझं नाव दिलं. दरमहा पंच्याहत्तर रुपये आणि राहायला खोली.

अट एकच आहे. शाळेचं स्वतःचं वाद्य नाही. मिस पिंटो त्यांचं घेऊन जात आहेत. येणाऱ्या बाईने आपलं वाद्य आणावं आणि वीस जानेवारीला मुख्य बाईंसमोर वाजवून दाखवावं. नवी गिटार घ्यायची तर माझ्या तीन-चार महिन्यांच्या पगाराएवढे पैसे आणि ती मिळेल की नाही याचीही खात्री नाही. आणि माझी गिटार हरिपुरात जमिनीखाली आहे.

पेव फोडलं की हवा लागते, मग सगळी हळद त्या दिवसाच्या दराने विकावी लागते, हे मला माहीत आहे. दर पडलेला आहे हेही पेपरात वाचते. तरी मी मागते आहे. पेव उघडावं.

तुमची लीला

*

हरिपूर, २७ डिसेंबर १९४६

चि. लीलीस,

तुजं पत्र तुज्या आईला वाचून दाखवलं तर ती पदर तोंडाला लावून हसली. म्हंजे तिला ठावं हुतं. घरात मी एकटाच भैरा.

मानसिंगानं वाजवलं त्याचं मला काय न्हाई. गडी माणूस, पलटणीत शिकला. तू वाजवलंस म्हंजे लोक काय म्हणत्याल हे मी लिवत न्हाई, तुला कळतंय. विट्याचं लालासाहेब त्यांच्या थोरल्यासाठी तुला बघायला म्हणत्यात. पोरगा मामलेदार कचेरीत कारकून हाय. पोरगी बी.ए. हाय म्हटल्यावर तीच मंडळी जरा बिचकली, पण सावरली. आता त्यांच्या कानावर हे घालू का, की पोरगी विलायती सतार बी वाजवती आणि डोंगरावर एकटी ऱ्हाती?

दुसरं. हळदीचा दर पार बसलाय. आखाडापतोर पेवाचं तोंड फोडायचं न्हाई. तुज्याच लग्नाचा माल हाय, तुजंच नुकसान. शाळंला लिव की आमचं वाद्य पेवात हाय, निघालं की येतो.

मी पौर्णिमेच्या जत्रंला खोंडांची जोडी घेऊन खरसुंडीला चाललोय. आल्यावर बोलू. तवर शाळंला काय कळवू नगंस.

आकाराम

*

पाचगणी, २३ जानेवारी १९४७

ती. आबा,

तुम्ही खरसुंडीहून परत आला असाल आणि उघडं पेव पाहिलं असेल. आईने तुम्हाला सांगितलंच असेल. दोन आठवडे झाले, तुमचं पत्र नाही, तेव्हा तुम्ही रागावला आहात हे मी समजते. तरीही जे झालं ते माझ्या तोंडून तुम्हाला कळायला हवं.

तुम्ही जत्रेला गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी मी हरिपूरला आले. आईला घेऊन नानासोंच्या अडतीवर गेले. दहाच्या दहा माणसं बसलेली होती. नानासो म्हणाले, "बाई, आकारामअण्णा येऊ द्यात. बापाच्या माघारी पेव फोडत न्हाईत."

मी म्हटलं, "बापानेच माझ्या नावावर ठेवलंय. तुमच्याकडेच लिहिलेलं आहे."

"लिवलंय हो. पण ते लग्नासाठी."

"लग्न माझंच आहे ना, काका?"

गुंडाकाका म्हणाले, "नानासो, द्या दौत-टाक तिच्या हातात. ही वकिलागत बोलायला लागली म्हंजे आपण दुपारपतोर जेवत न्हाई." आई पुढे होऊन म्हणाली, "त्यास्नी मी सांगती. तुमी माणसं बोलवा." मी सगळ्यांसमोर सही केली. पूर्ण नाव ठळक लिहिलं, आबा. तुम्ही त्या जागी त्या सहीचं एवढं कौतुक केलेलं होतं की बारीक अक्षरात उरकायची सोय नव्हती.

तोंड फोडून दिवसभर हवा खेळू दिली. मग माणसांनी कंदील आत सोडला, तो विझला नाही तेव्हा दोघं दोराने उतरले. गिटार वर आली ती तुमच्या लग्नातल्या जरीच्या फेट्यात गुंडाळलेली. पत्रात तुम्ही फेट्याचं लिहिलं नव्हतंत. आई तिथेच खाली बसली. म्हणाली, "हा फेटा त्यांनी मानसिंगाच्या लग्नालासुद्धा काढला न्हाई." मी फेटा सोडवून तिच्या मांडीवर ठेवला.

हळद त्या दिवशीच्या दराने गेली. दर वाईट होता. पैसे नानासोंकडे तुमच्या नावाने आहेत. त्यात जेवढं होईल तेवढंच लग्न करू. मला कमी वाटणार नाही.

गिटारीबद्दल खरं सांगायचं तर पेव तिला मानवलं नाही. हळदीला तिथे ओल धरून वजन येतं, तसं लाकडालाही आलं. ते फुगलं होतं आणि पाठीचा सांधा एका बाजूने उघडला होता. मिरजेला सतारी करणाऱ्यांकडे नेली. त्यांनी हळूहळू वाळवली, सरस लावून दाबून ठेवली. दोन तारा तुटल्या, त्यांच्या जागी मिस पिंटोंनी जाताना माझ्यासाठी ठेवलेल्या घातल्या. आवाज आधीपेक्षा थोडा जड झाला आहे. तो मला आवडतो. हळदीचा रंग मात्र निघत नाही. पाठ कायमची पिवळी झाली आहे.

वीस तारखेला मुख्य बाईंसमोर बसले. त्या इंग्रज आहेत, उंच, फार कमी बोलणाऱ्या. मी इटलीच्या म्हाताऱ्याची एक चाल वाजवली. मग त्या म्हणाल्या, "तुमच्याकडचं काही येतं का?" मी आई जात्यावर म्हणते त्या ओवीची चाल धरली. खिडकीबाहेर लहान मुलं गोळा झाली. संपल्यावर बाईंनी गिटार उलटी करून पाहिली, नाकाशी नेली आणि हा कसला वास म्हणून विचारलं. माझ्या बोटांनाही पिवळं लागलं होतं. मी सांगितलं, "हळद आहे. माझ्या वडिलांच्या शेतातली. आमच्याकडे सर्वांत मोलाची वस्तू जिथे ठेवतात तिथे ही आठ महिने होती." हे बोलताना मला इतका अभिमान वाटला की त्यांनी मला घेतलं नसतं तरी मी ताठ मानेने घाट उतरले असते.

त्यांनी घेतलं. सातारच्या शाळेचा राजीनामा दिला आहे आणि कालपासून इथे कामावर आहे. खोलीला पूर्वेकडे खिडकी आहे. काल संध्याकाळी चाळीस मुलं माझ्याबरोबर गायली. त्यातल्या निम्म्यांनी ओवीसुद्धा धरली, उच्चार मात्र धड नाहीत. फेटा आईकडे धुऊन घडी करून दिला आहे. तो घालून तुम्ही एकदा इथे यावं. मुलांना मी सांगितलं आहे की माझे वडील येणार आहेत.

राहिलं विट्याचं स्थळ. त्यांच्या कानावर कसं घालू, असं तुम्ही विचारलं होतंत. तुम्हाला अवघड पडू नये म्हणून लालासाहेबांना मी स्वतः पत्र लिहिलं. मुलगी बी.ए. आहे, पाचगणीला शिकवते, गिटार वाजवते आणि लग्नानंतर यातलं काहीही सोडणार नाही. हे पसंत असेल तर मुलाने आधी इथे येऊन संध्याकाळची गाणी ऐकावी, मग हरिपूरला पोहे खायला जावं. खाली सही केली, आकाराम यांची मुलगी लीला. परवा सकाळी ते पत्र टपालात टाकलं.

तुमची लीला